लेखी हरकत

१४ सप्टेंबर १९८७, सोमवार

शुभाच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण टाइप करून संपवलं. एकेचाळीस पानं. विषय: आजच्या ब्रिटिश राजकारणात सहकारी संस्था, सरकार आणि सार्वजनिक धोरण. पोरगी हुशार आहे. पण तिच्या प्रोफेसरने पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहिलंय, ‘सरकार आणि सहकार यांची भागीदारी, हा मुद्दा ठळक करावा.’

भागीदारी! तीस वर्षं सहकार खात्यात काढली, उपनिबंधक म्हणून निवृत्त झाले. बोका आणि दुधाचं पातेलं यांच्यातल्या नात्याला भागीदारी म्हणतात हे कळायला पेनसिल्व्हेनियात यावं लागलं.

समासात तसं लिहूनही ठेवलं. शु.ने पाहिलं. “आई, तू टाइप कर. एडिट करू नकोस. प्लीज.”

१६ सप्टें., बुध.

दुकानात माझी पाळी. अमेरिकेत येऊन शहाणपणाचं काम एकच केलं, या गावातल्या सहकारी किराणा दुकानाची सभासद झाले. प्रत्येक सभासदाने आठवड्याला तीन तास राबायचं. मी चीज कापते. मुलाच्या, अविच्या, टेक्सासमधल्या प्लेनोच्या घरात पाच बाथरूम आणि दिवसभर बोलायला एक डिशवॉशर. तिथून पळून लेकीच्या दोन खोल्यांत आले. इथे निदान हातात सुरी आहे.

डेल नाचत आला. डेल म्हणजे आमचा व्यवस्थापक. दाढी, अंगात ओव्हरऑल, मनाने लोणी. घरमालकाने नाताळपर्यंत जागा सोडायला सांगितल्यापासून बिचारा रडवेला होता. आज नगरपालिकेचं पत्र आलं. अग्निशामक दलाची जुनी इमारत आम्हाला देणार, तीही दुरुस्त करून. अट एकच. दुकानाच्या सात जणांच्या मंडळावर तीन जण नगरपालिका नेमणार.

“वंडरफुल ना, मिसेस के.?”

चीज वाकडं कापलं गेलं. विचारलं, तीन कशाला?

“तीन म्हणजे मायनॉरिटीच की.”

मायनॉरिटी. अरे बाबा, ते तिघं कायम एकत्र असतात आणि उरलेले चौघं कधीच नसतात. हे मी पुस्तकात नाही वाचलं. त्या तिघांतली एक मी असायची.

१९ सप्टें., शनि.

शु.शी जुंपली. तिच्या चौथ्या प्रकरणाचा सारांश असा: ब्रिटनमधल्या मोठ्या शहरांच्या परिषदांनी कामगारांच्या छोट्या सहकारी संस्थांना जागा दिल्या, सल्लागार दिले, कर्जं दिली. मग वरच्या सरकारने त्या परिषदाच बरखास्त केल्या. परिषद गेली, तिच्या आधाराने उभ्या असलेल्या कितीतरी संस्था मागोमाग आडव्या. शु.चा सगळा राग तिथल्या पंतप्रधान बाईंवर. जूनमध्ये तिसऱ्यांदा निवडून आल्या म्हणून ही दोन दिवस जेवली नव्हती.

मी म्हटलं, त्या बाईंनी फांदी तोडली, कबूल. पण इतकी घरटी एकाच फांदीवर बांधायला कोणी सांगितलं होतं? तोही मुद्दा लिही.

“म्हणजे सरकारने हेल्पच करायची नाही? आई, धिस इज एक्झॅक्टली व्हॉट शी सेज! तू आणि ती एकाच बाजूला!”

मला त्या बाईंच्या पंगतीला नेऊन बसवलं. पोटच्या पोरीने. पान वाढलेलं होतं, उठले.

सरकारने मदत करू नये असं मी कधी म्हटलं? मदत करावी आणि घरी जावं. पाहुण्याने स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसू नये, एवढंच तर

२२ सप्टें.

अविचा फोन. त्याला दुकानाचं सांगितलं. “आई, इट्स अ ग्रोसरी स्टोअर. गावात तीन सुपरमार्केट्स आहेत.”

तीन काय, तीस असतील. त्यांपैकी एकाही ठिकाणी मला ‘मिसेस के., तुमचं काय मत?’ असं कोणी विचारत नाही. हे त्याला म्हटलं नाही. “तब्येत सांभाळ” म्हटलं आणि ठेवला.

२४ सप्टें., गुरु.

रविवारी सर्वसाधारण सभा. माझी लेखी हरकत तयार करते आहे. मुद्दे नऊ, टंकलिखित तीन पानं, प्रती तीन. मुद्दा ४ मलाच फार आवडला: ‘नियुक्त सदस्य हा संस्थेला जबाबदार नसून नेमणाऱ्यास जबाबदार असतो, सबब त्याचे मौनदेखील संस्थेच्या हिताचे असेलच असे नाही.’ इंग्रजीतही छान उतरला. कॉन्व्हेंटच्या मदर ॲग्नेसने आमच्या हातावर पट्ट्या मारून इंग्रजी शिकवलं ते असं कामाला येतं.

शु. म्हणाली, “सभेतच बोल ना.” हिला काय माहीत. सभेत बोलणाऱ्याला अध्यक्ष ‘नोंद घेतली’ म्हणतात आणि चहा देतात. पुढच्या इतिवृत्तात त्याचं नावसुद्धा नसतं. सभा होऊ द्यायची, ठराव येऊ द्यायचा, मग मुदतीत हरकत दाखल करायची आणि प्रतीवर पोच घ्यायची. कागद राहतो. माणसं काय, चहा पिऊन घरी जातात.

२७ सप्टें., रवि.

सभा झाली. चर्चच्या तळघरात. गोल मांडलेल्या घडीच्या खुर्च्या, मधे रांगणारी पोरं, मक्याच्या लाह्या. गेल्या वर्षीच्या सभेला मी प्लेनोत होते, त्यामुळे हा प्रकार नवा. अध्यक्षस्थानी रूथ. बहात्तर वर्षांची, क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाची, पांढऱ्या केसांचा बॉब, पायात पुरुषी बूट. मला आवडते.

डेलने नगरपालिकेचं पत्र वाचलं. सगळे खूष. एक दोघांनी प्रश्न विचारले, तेही रंग कोणता देणार असले. मग रूथ म्हणाली, “या वाटेत कोणाला उभं राहायचं आहे का?” आणि तिने मान खाली घातली. सगळ्यांनी घातली. मीही घातली. मला वाटलं प्रार्थना. कॉन्व्हेंटमध्ये मौन म्हणजे मौन, मधे तोंड उघडलं की व्हरांड्यात उभं. मनातल्या मनात नवव्या मुद्द्याची भाषा जरा कडक केली.

दोनेक मिनिटांनी रूथने मान वर केली. टाळ्या, केक.

मतदान बहुधा टपालाने घेत असावेत. हरकत उद्या दाखल करते.

२८ सप्टें., सोम.

मूर्ख. मूर्ख. मूर्ख.

सकाळी दहाला दुकानात गेले. डेलच्या हातात तीन पानं दिली, दुसरी प्रत पुढे केली आणि म्हटलं, यावर तारीख घालून सही कर. पोच.

त्याने शेवटपर्यंत वाचलं, उभ्या उभ्या. चेहरा उतरला. “पण मिसेस के., तुम्ही तिथे होतात.”

होते की. पहिल्या रांगेत. म्हणजे रांग नव्हती, पण होते.

“रूथने विचारलं तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत.”

मग त्याने समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. इथे मतदान होतच नाही. सगळ्यांचं एकमत लागतं. एक जरी सभासद ‘मी वाटेत उभा आहे’ म्हणाला तर ठराव तिथेच थांबतो. आणि ते जे मौन होतं, ती प्रार्थना नव्हती. ती हरकतीची वेळ होती. जो गप्प बसला तो ‘हो’ म्हणाला.

म्हणजे चारशे सभासदांच्या दुकानात, नगरपालिकेची तीन माणसं मंडळावर घ्या असं एकमताने ठरलं, आणि त्या एकमतात मी, विमल केळकर, निवृत्त उपनिबंधक, सहकार खाते! एका माणसाला अख्खा ठराव थांबवता येतो अशी सभा मी जन्मात पाहिली नव्हती. पाहिली तेव्हा मान खाली घालून मुद्दा क्रमांक नऊ सुधारत बसले.

डेलने प्रतीवर सही केली. तारीखही घातली. ‘लव्ह, डेल’ असं लिहिलंय. पोच!

१ ऑक्टोबर, गुरु.

शु.ला आज सांगितलं. आधी पोट धरून हसली. मग माझं तोंड पाहून थांबली. मग म्हणाली, “आई, हे मी फुटनोटमध्ये घालू? नाव नाही घालणार. ‘एक निवृत्त अधिकारी.’”

मी म्हटलं, तुझ्या प्रबंधात मला तळटीप करतेस? ज्या बाईने तुझ्या चारही प्रकरणांची स्पेलिंगं

“ब्रिटनमध्येही हेच झालं गं. मेंबर्स मीटिंगला येऊन गप्प बसले. आपलं कोण ऐकतंय, आपल्याला काय कळतंय म्हणून. पण तू? तुला तर सगळं कळत होतं.”

आणि जरा वेळाने, भांडी विसळता विसळता, पाठ माझ्याकडे, “तू सह्या करायचीस तेव्हा तुझ्यापुढे कोणी हरकत घ्यायचं का गं?”

टेबल पुसलं. दोनदा.

५ ऑक्टो., सोम.

शु.च्या प्रश्नाचं उत्तर. तिला नाही देणार. इथे.

बुरुडांची सोसायटी. टोपल्या, सुपं, कणग्या विणायचे. सरकारने शेड बांधून दिली, भागभांडवलात वाटा घेतला आणि मंडळावर तीन जण नेमले. मी तेव्हा सहायक निबंधक, तिघांतली एक. चार वर्षं सभांना गेले. चटईवर बसायची, गुळाचा चहा प्यायची. अध्यक्ष गोदाबाई, अंगठेबहाद्दर, पण आठवण अशी की कोणी किती बांबू नेले ते जत्रांच्या हिशोबाने सांगायची. मी कधी कशावर बोट ठेवलं नाही. ऐकायची, घरी जायची. फार सभ्य होते मी.

मग तालुक्याच्या पुढाऱ्याच्या मेहुण्याला सोसायटीचं सेक्रेटरीपद हवं झालं. गोदाबाईंनी नाही म्हटलं. वरून फोन आला. तोवर मी उपनिबंधक झाले होते. कारण शोधायला मला एक दुपार लागली: इतिवृत्ताच्या वहीत पानांवर क्रमांक नव्हते. ‘कारणे दाखवा’ नोटीस काढली, मंडळ बरखास्त केलं, प्रशासक नेमला. सही माझी. हिरवी शाई.

गोदाबाई कचेरीत आल्या. टेबलापाशी उभ्या राहिल्या, खुर्चीवर बसल्या नाहीत. “बाई, चार वर्षं आमच्यात बसलात. वहीला आकडं नव्हतं तर तवाच का नाही बोललात? मी घातलं असतं, पोरीकडून.”

मी म्हटलं, तुमचं म्हणणं लेखी द्या.

दोन वर्षांत शेडला कुलूप लागलं.

इथल्या लोकांना मी रागावते आहे. रागावणारच. पण डेल ‘तुम्ही तिथे होतात’ म्हणाला तेव्हा जो घाव बसला तो डेलचा नव्हता.

९ ऑक्टो., शुक्र.

रूथच्या घरी गेले. पुदिन्याचा चहा, न विचारता मध. सरळ विचारलं, ठराव परत उघडता येतो का?

येतो, म्हणाली. जो ‘हो’ म्हणाला होता त्याने सभेत उभं राहून सांगायचं की माझं मन बदललं. कागदावर नाही. तोंडाने, सगळ्यांच्या डोळ्यांत बघून. २५ तारखेला, नगरपालिकेला उत्तर पाठवण्याआधी, एक सभा आहे.

मी म्हटलं, माझं मन बदललेलं नाही. माझं आधीपासून हेच मत होतं.

“मग ते तू लपवलंस, विमल.”

लपवलं! मी! नऊ मुद्दे, तीन प्रती!

ती हसली नाही. म्हणाली, “वाटेत उभं राहणं सोपं नसतं. माझ्या आयुष्यात मी दोनदा राहिले. दोन्ही वेळा मला उलटी झाली.”

१४ ऑक्टो., बुध.

डेलला सांगितलं की २५ला मी उभी राहणार. पीठ चाळत होता. चाळणी ठेवली.

“आणि आपण जायचं कुठे? तुमच्याकडे दुसरी इमारत आहे?”

नाही.

“नगरपालिकेला महिनाअखेर उत्तर द्यायचंय. नाताळला इथून बाहेर. मी चार महिने जागा शोधली, मिसेस के. तुम्ही थांबवलंत तर दुकान स्वतंत्र राहणार नाही. दुकानच राहणार नाही.”

ओरडला नाही, हेच वाईट. ओरडला असता तर मी दुप्पट ओरडले असते, त्यात माझा हात कोणी धरणार नाही.

घरी शु.सुद्धा. “आई, माझे सगळे फ्रेंड्स तिथे आहेत यार. तू शटडाउन केलंस तर मी तोंड कसं दाखवू?” आईला यार म्हणते. प्रबंध लिहायचा सहकारावर आणि भ्यायचं मैत्रिणींना.

२० ऑक्टो., मंगळ.

नगरपालिकेचा अधिकारी दुकान बघायला आला. ब्रायन. तिशीचा, टाय, स्वच्छ नखं, अत्यंत सभ्य. सगळ्यांशी हात मिळवला. चीजचा तुकडा चाखून तारीफ केली. नेमलेल्या तिघांत एक तो स्वतः.

विचारलं, मंडळावर बसून तुम्ही करणार काय?

“काहीच नाही, मॅम. आम्ही फक्त ऐकायला बसणार.”

हेच वाक्य. शब्दाला शब्द. बुरुडांच्या चटईवर पहिल्या दिवशी मी हेच बोलले होते, आणि मनापासून बोलले होते. हाही मनापासून बोलतोय! लबाड असता तर बरं होतं. लबाडाला लोक ओळखतात. या सभ्य पोराला एक दिवस वरून फोन येईल आणि त्याला वहीत काहीतरी सापडेल. सापडतंच. मी शोधलंय.

राग कोणावर काढावा कळेना. त्याला चीजचा दुसरा तुकडा दिला नाही.

२३ ऑक्टो., शुक्र.

शु.ने प्रकरणाचा शेवट बदलला. प्रोफेसरची भागीदारी ठेवलीय, पण खाली एक नवा परिच्छेद: मदत देणाऱ्याने खुर्ची मागितली तर संस्थेने काय करावं, याचं उत्तर ब्रिटनमध्ये ना सरकारपाशी आहे ना विरोधी पक्षापाशी. तिथला विरोधी पक्ष सहकाराच्या नावाने भाषणं ठोकतो आणि पंतप्रधान बाई सरकारी कंपन्या विकतात, दोघांनाही सभासद नावाचा प्राणी दिसत नाही. चांगलं लिहिलंय. तिला तसं म्हटलं नाही. स्वल्पविराम दोन चुकले होते, ते दाखवले.

तळटीप काढून टाकलीय. मी काढ म्हटलं नव्हतं.

२५ ऑक्टो., रवि. दुपार

उभी राहिले.

रूथने विचारलं, मौन पडलं, आणि मी उभी राहिले. शेजारच्या बाईचं बाळ टकामका बघायला लागलं. नऊ मुद्दे पर्समध्येच राहिले. गोदाबाईंचंच सांगितलं. इंग्रजीत, टोपल्यांपासून कुलपापर्यंत. सही कोणी केली तेही. हिरवी शाईसुद्धा. शु. मागे दाराशी उभी होती. तिने हे पहिल्यांदा ऐकलं. मग म्हटलं, इमारत घ्या, तीन खुर्च्या देऊ नका. त्या खुर्च्यांसकट असेल तर मी वाटेत उभी आहे.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक दाढीवाला म्हणाला, ‘एका व्यक्तीच्या जुन्या अपराधासाठी आम्ही सगळ्यांनी दुकान गमवायचं?’ बरोबर विचारलं त्याने. चिडले तरी बरोबरच होतं. एक बाई रडली. रूथ म्हणाली, ठराव थांबला आहे. मग माझ्याकडे वळून: आपल्याकडे रीत अशी की जो वाटेत उभा राहतो, दुसरी वाट शोधायला त्यानेच पुढे व्हायचं. गुरुवारी विमल आणि डेल ब्रायनला भेटतील. इमारत खुर्च्यांशिवाय मिळते का बघतील. नाही मिळाली तर शुक्रवारी संध्याकाळी परत इथेच.

वा रे रीत! तीस वर्षं मी दोष काढायचे आणि फाइल परत पाठवायची. उपाय काढणं खालच्या माणसाचं काम. आता मीच खालचा माणूस.

डेलने गाडीतून घरी सोडलं. शु. मागच्या सीटवर. दारापाशी त्याने इंजिन बंद केलं.

“मिसेस के., त्या टोपल्यांवाल्या लोकांनी तुम्हाला काय म्हटलं असतं तर तुम्ही सही केली नसतीत? ते सांगा मला. गुरुवारी ब्रायनला मी तेच म्हणतो.”

उर्मट प्रश्न. मी दार आपटून उतरले.

आल्यापासून कागद घेऊन बसले आहे. त्यांनी नियम दाखवले असते तर? नियम मला त्यांच्यापेक्षा जास्त पाठ होते. ते लोक रडले असते तर? रडले होते. मोर्चा आणला असता तर पोलिसांना कळवलं असतं, आणि वर्तमानपत्रात आलं असतं तर खुलासा पाठवला असता, दोन परिच्छेदांचा. गोदाबाई खुर्चीवर बसल्या असत्या तर? समोर बसून राहिल्या असत्या, उठल्याच नसत्या तर

तेही लिहून खोडलं.

शु. विचारून गेली, वाढू का. थांब म्हटलं. ती गेली नाही. पलीकडे बसलीय, पेन्सिल घेऊन, मी लिहिलेलं उलट्या बाजूने वाचते आहे.